पूर्वरंग बार्शीपर्यंत

मामांबरोबर कुर्डुवाडी ते बार्शी असा प्रवास करायचा असेल तर खिडकीची जागा धरू नये. खिडकीतल्या माणसाला पळता येत नाही. हे मला आठव्या वर्षी कळलं होतं आणि पन्नाशीत विसरलो.

बार्शीला मामेबहिणीच्या लेकीचा साखरपुडा होता. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात आमच्याकडे झालेलं, त्यामुळे त्यांना सुखरूप पोचवायचं काम माझ्याकडे. शिवाय साखरेचा पुडाही माझ्याकडे. बायकोने दोन रात्री जागून त्याला सोनेरी कागद, गोंडे, टिकल्या असं काय काय लावलं होतं. मामांना धक्का लागला तर चालेल, पुड्याला लागता कामा नये, असं ती स्पष्ट बोलली नाही, पण निघताना तिने दोन्ही हात पुड्यावरून फिरवले. मामा शेजारीच उभे होते.

कार्यक्रम बाराचा. पहाटेच्या गाडीने कुर्डुवाडी, तिथे बदलून लातूरकडची पॅसेंजर, की साडेदहाला बार्शी. कुर्डुवाडीच्या फलाटावर मामांनी काळा चष्मा सारखा केला, स्टेशनच्या पाटीच्या अंदाजाने तोंड वळवलं आणि खाकरले. माझ्या पोटात खड्डा पडला. त्या खाकरण्यानंतर काय येतं ते मला पाठ आहे.

"हे नाव मागाहून आलेलं. या स्टेशनाचं मूळ नाव काय?"

"बार्शी रोड," मी म्हणालो. उत्तर दिलं तरी व्याख्यान टळत नाही, फक्त अपमान टळतो.

रेल्वेच्या भाषेत 'रोड' हा शब्द म्हणजे माफीनामा आहे. गाव इथे नाही, पण गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबईहून सोलापूरकडे रूळ नेले, त्यात कापसाची आणि धान्याची पेठ असलेली बार्शी 21 मैल बाजूला राहिली. गाडीतून उतरायचं आणि उरलेले 21 मैल बैलगाडीत बसून 'रोड' या शब्दाचा अर्थ लावत जायचं. (मिरजेच्या बाजूला जत रोड नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरून जतची चौकशी करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.)

मामा मामलेदार कचेरीत कारकून. बार्शी-कुर्डुवाडी अशी जा-ये त्यांनी वर्षानुवर्षं नॅरोगेजच्या गाडीने केली. ही गाडी म्हणजे बार्शी लाईट. दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, त्यामुळे ओळख करून घेण्याची वेगळी गरज नसे. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा त्याच डब्यात चढायचो, ही गोष्ट जगातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात. मी ती मानत नाही. मामांची चप्पल मात्र एकदा खाली पडली होती आणि ते ती घेऊन आले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आले ते मागच्या डब्यात, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तिथल्या लोकांना इतिहास सांगितला.

हा इतिहास त्या गाडीच्या चालीवर बसवलेला होता. कीर्तनासारखा. कुर्डुवाडीला नमन, शेंद्रीच्या आसपास पूर्वरंग, इंजिन पाण्याला थांबलं की चहा, मग उत्तररंग. सगळं मिळून दोन-अडीच तास. उत्तररंगात लाईन गावोगाव वाढत जायची, आणि '1927 साली मिरज' हे शब्द आले की बार्शीचा सिग्नल दिसायचा. लहानपणी मी डोळे मिटून पडून असायचो आणि '1927' ऐकलं की चपला शोधायचो. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना ही सवय होती. घड्याळाची गरजच नव्हती.

तर पॅसेंजर हलली आणि मामांनी एव्हरार्ड कॅलथ्रॉपला बोलावलं.

बार्शी लाईट काढणारा हा साहेब 1882 साली इकडे आला, रेल्वेत इंजिनांचा इन्स्पेक्टर होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट: लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीची गरीब नक्कल नव्हे. इंजिन असो की वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. म्हणजे रूळ हलका चालतो. रूळ हलका की खर्च कमी. "भार सगळ्या आसांवर सारखा वाटून दिला," मामा म्हणाले, "आमच्या वडिलांना तीन भावांत एक वाडा वाटता आला नाही." इथे त्यांनी नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेतला. समोरच्या बाकावरच्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. तिथेच चुकलं. मामांना श्रोता मिळाला.

लंडनमध्ये 1895 साली कंपनी, 1897 च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. पण मामा सरळ पुढे जातील तर ना. साहेबाला अरबी घोड्यांचा भारी षौक, त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिलं. ("गाडी काढली, तरी घोडा सोडला नाही. आपल्या गाडीचा वेग त्याला ठाऊक होता.") मग त्याचा मित्र रोल्स, मोटारवाल्या रोल्स-रॉईसमधला, 1910 साली विमान कोसळून गेला, आणि साहेबाने पॅराशूट बनवायचं मनावर घेतलं. गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट केलंसुद्धा. बार्शी लाईट काढणाऱ्या माणसाने पुढे पॅराशूट काढावं, याचा अर्थ मामा जो लावतात तो मी इथे लिहीत नाही. समोरच्या बाई हसल्या. मामा खुलले आणि पॅराशूट दुसऱ्यांदा उघडलं.

मी पुडा मांडीवर घट्ट धरून डोळे मिटले होते. घाई नव्हती. अजून 1906 ला पंढरपूर यायचं होतं, 1911 ला निजामाच्या हद्दीतलं लातूर यायचं होतं. मध्ये गाडी कुठेशी थांबली, बरीच माणसं उतरली, ढोलकीवाला पोरगा उतरला, समोरच्या बाईही "येते हं काका" म्हणून उतरल्या. मला अंधुक ऐकू आलं. पण मामा 1911 वर होते. 1911 ला बार्शी येत नाही. हे माझ्या हाडांना माहीत आहे.

"आणि 1927 साली मिरज," मामा म्हणाले. "त्याच वर्षी साहेब गेला."

मी उठलो. चपला घातल्या, पिशवी घेतली, मामांना हाताला धरलं आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथे एक मुलगा मोबाईलमध्ये मान घालून उभा होता.

"बार्शीच ना आता?"

"बार्शी कधीच गेली की काका. धाराशिव येईल आता."

मामांनी काळा चष्मा वर केला. "उस्मानाबाद? उस्मानाबाद आपल्या लाईनीवर नाही."

"असं कसं? मी रोज उतरतो."

मामांचा इतिहास 1954 ला संपतो. त्या वर्षी सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. त्यानंतरचं सगळं ते चालू घडामोडी समजतात. पुढे रूळ रुंद झाले आणि जुनी वाट सोडून लोहमार्ग उस्मानाबादकडे वळवला, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं, पण मंजूर केलं नव्हतं. आता ते मंजूर न केलेल्या स्टेशनावर उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी.

टीसीने तिकिटं पाहिली. बार्शीपर्यंतची. पुढचं भाडं आणि माणशी 250 रुपये दंड. रीतीप्रमाणेच. मी पाकीट काढलं, पण मामा पुढे सरसावले.

"दंड घ्या. पण कुर्डुवाडीचं जुनं नाव सांगा."

टीसीचं पेन थांबलं. "बार्शी रोड," तो म्हणाला. "आमचे आजोबा बार्शी लाईटला फायरमन होते."

पावती त्याने फाडलीच, दोघांची. मग दोघे बाकावर बसले आणि मामा खाकरले. मी पुडा घेऊन जरा दूर उभा राहिलो. पावणेबारा झाले होते. बहिणीचा फोन आला.

"अरे, कुठवर आलात?"

मी बाकाकडे कान दिला.

"पंढरपूर झालं," मी म्हणालो. "आता लातूर येईल."