अडीच मिलिमीटरची गोलाई

इंग्लंडमध्ये मागच्या अंगणातलं कुंपण दोन मीटरच्या वर चढवायचं असेल, तर कौन्सिलची परवानगी काढावी लागते. गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हातांनी मोटारगाडी बांधायची असेल, तर मात्र कोणी काही विचारत नाही. पोटापाण्यासाठी फक्त की-बोर्ड बडवणारा माणूस इथे खुशाल इंजिन बसवतो, ब्रेकचे पाइप वाकवतो, स्टिअरिंग जोडतो. सरकारचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. सरकार जागं होतं ते गाडी रस्त्यावर आणायच्या वेळी, आणि जागं झाल्यावर पहिलं काम काय करतं, तर नटाच्या डोक्यावरून बोट फिरवून बघतं.

मी राहतो कोव्हेंट्रीत, म्हणजे मोटारींच्या गावात. इथे वाऱ्यालाच ग्रीसचा वास आहे असं म्हणायची पद्धत आहे. मला तो कधी आला नाही, पण वेड मात्र लागलं. वेड लोटस सेव्हनचं. 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही गाडी काढली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनिअमचे पत्रे, पुढची चाकं उघडी, त्यांच्यावर सायकलला शोभतील असे मडगार्ड. छप्पर नावापुरतं, दारं तेवढीही नाहीत. वजन आपल्या मारुती 800 पेक्षा कमी. 1973 मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीला विकून टाकले, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्या तर पावसाळी छत्र्यांसारख्या उगवत आणि मिटत आल्या आहेत.

सुटे भागच का, याचं उत्तर अगदी आपल्याकडचं वाटावं असं आहे. त्या काळी इथे तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या, की करवाले म्हणणार, ही तर गाडीच. तेव्हा लोटसने म्हणे गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या. हा किस्सा इथले लोक डोळे मिचकावत सांगतात. 1973 मध्ये व्हॅट आला आणि कर वाचवायचं निमित्त संपलं. वेड शिल्लक राहिलं.

सांगाडा घरी आला त्या दिवशी मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बघितलं.

"ट्रॉलीचं हाय व्हय रं हे? ट्रॅक्टरच्या?"

"गाडीचं आहे, मामा."

"बरं. आन् गाडी कुठं हाय?"

"हीच गाडी."

मामा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पैसं कमी पडल्यात का? लाजू नगंस. पाठवतो की."

पैसे पुरेसे आहेत, किंबहुना होते, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. मूळ गाडी लोटसची, ही तिच्यासारखी, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे डुप्लिकेट." आणि लगेच दुसरा, खरा प्रश्न: "पासिंगचं काय?"

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो, कारण उद्यमनगरात चार दिवसांत यापेक्षा चांगली गाडी बांधून मिळेल, पण तिला एमएच 09 कोण देणार? आपल्याकडे कंपनीने गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा आणि तुम्ही-आम्ही ती नोंदणीच्या कागदावर आहे तशी चालवायची. इथे मात्र हौशी माणसाच्या एकुलत्या एका गाडीसाठीही सरकारी परीक्षा आहे. तिचं नाव आयव्हीए. 1998 पासून एसव्हीए नावाची परीक्षा होती, 2009 मध्ये तिच्या जागी ही आली. मामांना हे ऐकून ब्रिटिशांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

सांगाडा नवा, पण इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं असतं. मी 1994 ची माझदा एमएक्स-5 आणली. या गाड्यांचं इंजिन चिवट, पण दाराखालचे पत्रे गंजतात. माझीला दाराखाली पत्रा होता असं म्हणायला पुरावा नव्हता. तरी ती चालत होती, हाच बायकोचा मुद्दा होता. "म्हणजे चालती गाडी घ्यायची, ती मोडायची, आणि तिच्यातून न चालणारी गाडी तयार करायची?" बायको हिशेबतपासनीस आहे. तिने त्याच रात्री घरखर्चाच्या वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'चालू काम'. प्रत्येक पावती तिच्याकडे जमा करायची, या अटीवर गॅरेज मला मिळालं.

बांधणीबद्दल फार सांगत नाही. रिव्हेट ठोकणाऱ्या माणसाचा हात कसा दुखतो हे रिव्हेट ठोकणाऱ्यालाच ठाऊक, आणि वायरिंगबद्दल बोललो तर भाषा घसरेल. सुट्या भागांच्या किटबरोबर आलेल्या पुस्तिकेतले फोटो वेगळ्याच मॉडेलचे होते आणि एका पानावर 'आता उरलेले भाग बसवा' एवढंच वाक्य होतं. चॅपमनच्या गिऱ्हाइकांना निदान उलटं वाचायची सोय होती.

या काळात शेजारचे म्हातारबुवा रोज चहाचा मग घेऊन गॅरेजच्या दाराशी उभे राहत. ते इथल्याच एका, आता बंद पडलेल्या, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. मी हर्षभराने विचारलं, तुम्ही काय करत होता? म्हणाले, "डावी दारं बसवायचो. आयुष्यभर." मग माझ्या गाडीकडे एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "इथं मी काही कामाचा नाही."

गाडी सुरू झाली, गॅरेजबाहेर आली, परत आत गेली. मला वाटलं संपलं. तेव्हा मी आयव्हीएची नियमावली उघडली.

नियमावलीचं सार असं, की ही गाडी एखाद्या माणसाला धडकणारच आहे असं गृहीत धरा आणि धडकताना त्याला ओरखडा उठू नये अशी काळजी घ्या. बाहेरून जिथे जिथे अंगाला लागू शकेल अशी कड आहे, तिची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची हवी. लागू शकेल म्हणजे काय, तर 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवर फिरवायचा. तो जिथे टेकेल ती कड गुन्हेगार. आता सेव्हनच्या जातीच्या गाडीचं सौंदर्यच मुळी उघड्या नट-बोल्टांत. पुढचं सस्पेन्शन तर चारचौघांत मांडून ठेवलेलं.

100 मिलिमीटरचा गोळा आणायचा कुठून? क्रिकेटचा चेंडू लहान, फुटबॉल मोठा. देवघरात नारळ होता. शेंडी काढून, तासून मोजला तर मधोमध जवळजवळ बरोबर. मी तो हातात घेऊन मडगार्डवरून, दिव्याच्या दांडीवरून, आरशाच्या बुडख्यावरून सावकाश फिरवत होतो, तेवढ्यात बायको पावती मागायला आली. बराच वेळ बघत राहिली. "नवीन गाडीला नारळ फोडतात," ती म्हणाली, "फिरवत नाहीत."

नारळाने जिथे जिथे बोट दाखवलं तिथे मी काळ्या रबराची पट्टी चढवली, नटांना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. वायरी आणि पाइप दर 300 मिलिमीटरवर क्लिपने बांधले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवणार नाही अशी सोय केली. स्पीडोमीटरचा नियम तर मला फार आवडला. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्त मात्र दहा टक्के आणि वर सव्वासहा मैल इतका दाखवला तरी चालतो. म्हणजे ताशी साठ मैलांनी जाणाऱ्याला बहात्तर दिसले तरी कायद्याची हरकत नाही. थाप मारायची परवानगी, पण एकाच दिशेने. लग्नाळू मुलांच्या पगाराबाबत आपल्याकडे हीच सवलत आहे.

परीक्षेची फी सुमारे साडेचारशे पौंड. बायकोने ती वहीत लिहिताना पेन जरा जोरात दाबलं. परीक्षेला गाडी विम्यावर, नंबरप्लेटशिवाय चालवत नेता येते, अट एवढीच की वेळ आधी ठरलेली हवी. नोव्हेंबरातली पहाट, छप्पर बसवलेलं नाही, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. मी आईने पाठवलेली माकडटोपी घातली होती. बिननंबरची, दार नसलेली गाडी आणि आत माकडटोपीवाला इसम. पोलीस अडवणार याची खात्री असल्याने विमा, पत्र, चॅसिस नंबर असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरलं होतं. सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. आतल्याने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि निघून गेला. एवढी तयारी वाया गेल्याचं दुःख मला केंद्रापर्यंत पुरलं.

तपासनीस अतिशय सभ्य गृहस्थ. प्रत्येक वाक्याआधी 'सुरेख काम आहे' म्हणायचे आणि मग फॉर्मवर फुली मारायचे. त्यांच्या बोटाला नारळापेक्षा जास्त कळत होतं. सीटबेल्टच्या बोल्टाची कड, मागच्या दिव्याच्या पट्टीचा कोपरा. शेवटी त्यांनी गाडी वळवली, स्टिअरिंग सोडून दिलं आणि ते आपणहून सरळ होतंय का याची वाट बघत बसले. स्टिअरिंगला घाई नव्हती. "खरंच सुरेख गाडी आहे," असं म्हणून त्यांनी मला नापासाचा कागद दिला.

संध्याकाळी म्हातारबुवांनी तो वाचला आणि चहाचा मग पहिल्यांदाच खाली ठेवला. "स्टिअरिंगच्या लायनीवर मी सुट्टीत बदली म्हणून जायचो," ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली, चाकांच्या पुढच्या-मागच्या कडांची अंतरं मोजली, टाय-रॉड थोडे फिरवले, पुढच्या टायरांत हवा वाढवली. मामा व्हिडिओ कॉलवर होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी मध्येच मामा ओरडले, "आता आटा जास्त दिऊ नगासा!" आणि म्हातारबुवांनी पाना लगेच मागे घेतला. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. फेरतपासणीत स्टिअरिंग पाळलेल्या जनावरासारखं सरळ झालं.

पास झाल्यावर राहिली नोंदणी, म्हणजे स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहननोंदणी कार्यालयाकडे कागद. व्ही 55/5 चा अर्ज, बांधलेल्या गाडीचा व्ही 627/1 अहवाल, फोटो, जुन्या माझदाचे कागद, आणि कुठला भाग कुठून आला याच्या पावत्या. इथे बायको उभी राहिली. तिने तारीखवार लावलेली, कोपऱ्यात क्रमांक घातलेली फाइल टेबलावर ठेवली. रबराच्या पट्टीचीसुद्धा पावती होती. काही पावत्या मी तिच्यापासून लपवल्या होत्या, त्याही होत्या.

नंबर आला तो 'एम' अक्षराचा, 1994-95 च्या मालिकेतला. नव्या सांगाड्यात एकाच जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग असले, की त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. परवा बांधलेली गाडी कागदोपत्री तीस वर्षांची. बायकोने वहीत बघून जाहीर केलं, "घसारा पूर्ण झालाय. किंमत शून्य."

तिला पहिली चक्कर मारायला नेली. डांबर बसायच्या जागेखाली वीतभरावर. परत आल्यावर तिने केसांतली पानं काढली आणि एवढंच म्हणाली, "रस्ता फार जवळून दिसतो." म्हातारबुवा तोवर ब्लेड घेऊन हजर. परीक्षेपुरत्या चढवलेल्या रबराच्या पट्ट्या लोक नंतर सोलून काढतात, असं त्यांचं म्हणणं. "हात लावायचा नाही," बायको म्हणाली, "त्यांची पावती फाइलमध्ये आहे."

त्या रात्री मी सहज, अगदी सहज, एसी कोब्राची माहिती वाचत होतो. 1962 ची गाडी. थेम्स डिटनच्या एसी कंपनीची बॉडी, त्यात कॅरोल शेल्बीने घातलेलं फोर्डचं व्ही-8 इंजिन. अस्सल गाड्या हजाराच्या आसपास बनल्या, डुप्लिकेट मात्र त्याच्या कितीतरी पट. किट मिळतं. पाठीमागे पावलांचा आवाज आला म्हणून मी स्क्रीन बंद केली. सकाळी वही टेबलावर उघडीच होती. 'चालू काम' या पानावर तिरकी रेघ, आणि पुढच्या कोऱ्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरात:

'कोब्रा — तरतूद शून्य.'