भावना न दुखावता सामाजिक कथा कशी लिहावी

दिवाळी अंकासाठी ज्वलंत विषयावर कथा लिहिताय? जरूर लिहा. ज्वलंत म्हणजे फुलबाजीइतकं, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा पात्रांची आडनावं काढा. आडनाव आलं की जात आली, जात आली की निषेधाचं पत्र आलं. नुसता 'सुरेश' पुरे. 'सुरेशराव' नको, त्यातही कुणाला काहीतरी दिसतं.

गावाचं नाव नको. नदीचंही.

आता प्रसंग. माझ्या कथेत घोड्यावरच्या नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापुढून जाऊ देत नाहीत. संपादकांचा फोन आला. "कथा फार आवडली हो, अंगावर काटा आला." मग त्यांचं 'फक्त' सुरू झालं. वस्तीऐवजी 'गावाचा एक भाग' म्हणू या. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो गरजेचा आहे का? निळ्या झेंड्याऐवजी नुसता झेंडा चालेल. अडवणारे कोण, ते वाचकांच्या कल्पनेवर सोडू. आणि नवरदेवाला खाली ओढण्यापेक्षा घोडाच बुजला तर? कुणावर ठपका नाही! अंक हातात आला तेव्हा कुणी एक सुरेश घोड्यावरून पडला होता आणि सगळं गाव हळहळत होतं. सोबत सूर्यास्ताचं चित्र. समोरच्या पानावर पतसंस्थेच्या शुभेच्छा आणि हात जोडलेले चेअरमनसाहेब. ते मात्र आडनावासकट.

नाटकवाल्यांची ही काळजी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे नाटकांचं सेन्सॉर, आधीच वाहतं. १९७० साली तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकातल्या साडीवरच्या लाल डागाला हरकत आली, तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगू लागले, निळा दिसेल तो लाल समजा. असला आगाऊपणा करू नका. आता तर निळाही चालत नाही.

दोन्ही बाजू मांडा. अडवलेल्याची, आणि अडवताना ज्यांना उन्हात उभं राहावं लागलं त्यांची.

शेवटी पाऊस पाडा.

पाऊस कसला पाडताय! वरात अडवल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येते, तेव्हा कुणाच्या भावनांना ओरखडाही येत नाही. तीच वरात कथेत अडवली की लगेच दुखावतात? भीती वाटते तर तसं सांगा ना, कथा परत पाठवा. कागद महागलाय, जाहिराती कुणाकडून येतात, तेही कळतं मला. मग पाककृती छापा, राशिभविष्य छापा, मुखपृष्ठावरचं 'निर्भीड' तेवढं खोडा. माझ्या माणसाला माझ्याच नावाखाली घोड्यावरून पाडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मानधनाचा पाचशेचा चेक आला होता. वटवला मी तो, तेही सांगून टाकतो.