ताप उतरला म्हणजे डेंग्यू सरला?

पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप हमखास फिरतो. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून पायांना खोबरेल तेल चोळावे. पपईच्या पानांचा रस प्यावा, प्लेटलेट वाढतात. आणि ताप उतरला की धोका टळला, असा त्याचा मजकूर असतो. यांतील तिसरे विधान जिवावर बेतणारे आहे.

आधी डासाचे पाहू. एडिस इजिप्ती या डासाची मादी पायांना चावते हे खरे, पण उघडा हात किंवा मान सापडली तरी ती सोडत नाही, आणि उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही तिची पैदास होते. ती चावते दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. तिची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात व कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसते ओतून देणे पुरत नाही, ते आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे लागते. कुंडीखालची बशी आणि फ्रिजमागचा ट्रे मात्र हटकून विसरले जातात.

पपईच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. त्याने मृत्यू टळतात, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय रुग्ण बरा होऊ लागला की प्लेटलेट आपोआपच वाढतात आणि श्रेय रसाला मिळते. त्या कडू रसाने उलटी झाली, तर ती रसाची की आजाराची, हे घरच्यांनी कसे ओळखायचे?

आता ताप उतरण्याविषयी. डेंग्यूचा कठीण काळ बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या काळात रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरू शकतो. थर्मामीटरवर ९८ दिसते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमका तेव्हाच रुग्ण पोट धरून कण्हू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर प्लेटलेटच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्लेटलेटचा आकडा एकटा फारसे सांगत नाही; तो घसरत असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, चढत असेल, तर डॉक्टर सावध होतात.

अंगदुखीसाठी घरात पडलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. पेज, ताक किंवा ओआरएस थोडे थोडे पाजत राहावे आणि लघवी किती वाजता झाली ते कागदावर टिपून ठेवावे. ताप गेल्यानंतरचे दोन दिवस तर न चुकता.