फ्रीजरमधलं अंगावरचं दूध बाळाला चालतं, तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही आठवडे सांगली-मिरजेकडच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, भिशीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर तर आत्यांनी दोनदा टाकला. त्यात म्हटलंय की अंगावरचं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे तान्ह्या बाळाला शिळं पाजणं, सहा तासांनी त्याचं विष होतं, ते नासलेलं दिसतं आणि वास मारतं, बर्फ झाला की सत्व निघून जातं, पंपाने काढलं की आईचा पान्हा आटतो आणि बाळाच्या वाटणीचं चोरलं जातं, हे सगळं मोठ्या शहरातल्या नोकरीवाल्यांचं फॅड आहे, आणि आई घरी नसेल तर त्यापेक्षा गाईचं दूध पाणी घालून द्यावं. खाली 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

मी हे लिहितेय कारण आमच्याच गल्लीत एका मुलीच्या सासूबाईंनी हा मेसेज वाचून फ्रीजरमधली सगळी पाकिटं मोरीत ओतली. ती पोरगी बाळ झोपल्यावर रात्री बसून काढायची ते, शाळेवर परत रुजू व्हायचं होतं तिला. सासूबाई वाईट नाहीत, नातवाच्या काळजीनेच केलं त्यांनी, आणि म्हणूनच मला त्या मेसेजचा जास्त राग येतो. एकेक मुद्दा घेऊया.

पहिलं, सहा तासांत विष. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. तिथे आया जास्तीचं दूध देतात, ते ६२.५ अंशावर अर्धा तास पाश्चराइज करतात, मग उणे २० अंशाला गोठवून ठेवतात आणि कोणाला देतात तर पेटीत ठेवलेल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना, ज्यांची आतडी सगळ्यात नाजूक असतात. गोठवलेल्या दुधाचं विष होत असतं तर डॉक्टरांनी ते आधी त्या बाळांपासून लांब ठेवलं असतं. आता घरी पाश्चराइज करायची गरज नाही कारण दूध आपलंच आणि बाळ पण आपलंच, पण वेळा मात्र पाळायच्या. बाहेर, म्हणजे २५ अंशापर्यंतच्या खोलीत, ४ तास. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ४ दिवस, दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं. फ्रीजर वेगळ्या दाराचा असेल तर ६ महिन्यांपर्यंत चांगलं राहतं, फार तर १२. आणि आपल्याकडे निम्म्या घरांत असतो तसा एका दाराचा फ्रीज असेल, आत वर छोटा बर्फाचा कप्पा, तर २ आठवड्यांच्या वर भरवसा ठेवू नका, ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओ बघून करणाऱ्यांना कोणी सांगतच नाही. तसंच ते ४ तास एप्रिल-मेच्या सांगलीला लागू नाहीत, इथे घरातच ३५ अंशाच्या वर जातं, तेव्हा काढलं की सरळ फ्रीजमध्ये. म्हणजे त्या मेसेजमध्ये खरं एवढंच आहे की उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेलं दूध देऊ नये, ते तर कुठल्याही दुधाचं आहे.

दुसरं, नासलेलं दिसतं, वास येतो. हे ऐकून खरंच खूप बायका घाबरतात म्हणून जरा सविस्तर. पाकीट फ्रीजमधून काढलं की वर पिवळट साय आल्यासारखा थर आणि खाली पातळ निळसर पाणी दिसतं. ते फाटलेलं नाही, स्निग्धांश वर येतो, आपल्या दुधात कंपनीसारखं घुसळलेलं नसतं ना. वाटी हळू गोल फिरवली की एक होतं. आणि गोठवून वितळवल्यावर काहींच्या दुधाला साबणासारखा वास येतो, ते दुधातल्याच लायपेज नावाच्या पाचक द्रव्यामुळे, ते चरबी फोडत राहतं आणि थंडीत पण थोडं थोडं काम चालू असतं त्याचं. बाळाला त्याने अपाय नाही. काही बाळं मात्र तोंड फिरवतात, म्हणून खूप साठवायच्या आधी एकच पाकीट गोठवून, चार-पाच दिवसांनी वितळवून बाळ पितंय का बघा. नाही प्यायलं तर पुढच्या वेळी काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करायचं, उकळी नाही, आणि लगेच गार करून गोठवायचं. आंबट, नकोसा वास आला तर ते मात्र टाकून द्या, तो फरक नाकाला कळतो.

सत्व निघून जातं. थोडं जातं, हे मी लपवणार नाही. गोठवल्यावर दुधातल्या जिवंत पेशी मरतात, क जीवनसत्त्व कमी होतं. पण रोगाशी लढणारी आयजीए प्रतिद्रव्यं बऱ्याच अंशी टिकतात, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना लागणाऱ्या साखरा टिकतात, प्रोटीन आणि चरबी बाळाला मिळतेच. आणि मुळात तुलना कशाशी करताय ते बघा ना. ताजं छातीला लावून पाजणं सगळ्यात चांगलं, यावर कोणाचंच भांडण नाही. पण आई घरी नाहीये, त्या वेळेला घरात दोनच गोष्टी आहेत, आईचं गोठवलेलं दूध किंवा वरचं दूध. त्या दोघांत गोठवलेलं कधीही सरस. हा सगळा विषय एवढ्याच प्रश्नाचा आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच गाळलाय. सत्व घालवायचं नसेल तर गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, मध्येच एखादा घोट इतका गरम होतो की बाळाचं तोंड भाजेल. आदल्या रात्री पाकीट खालच्या कप्प्यात ठेवायचं, सकाळी कोमट पाण्याच्या भांड्यात धरायचं. पूर्ण वितळलेलं २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही, आणि बाळाचं उष्टं २ तासांनंतर द्यायचं नाही. पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, बाटलीची गरज नाही.

पान्हा आटतो, बाळाच्या वाटणीचं चोरलं जातं. हे उलटं आहे. आडातलं पाणी उपसलं की झरा मोकळा होतो तसंच हे, जेवढं निघेल तेवढं शरीर तयार करतं, आणि छाती भरलेली तशीच ठेवली की शरीराला कळतं आता कमी करा. कामावर जाणाऱ्या बाईचं दूध आटतं ते काढल्यामुळे नाही, दिवसभर काढायला न मिळाल्यामुळे. गाठी येतात, ताप येतो, पदराखाली दूध गळत राहतं आणि ऑफिसात बसायला जागा म्हणजे संडास! यावर बोला की कोणीतरी. उलट बाजू पण सांगते, पहिल्या महिन्यात फ्रीजर भरायच्या नादाने सारखा पंप लावला तर गरजेपेक्षा जास्त दूध येऊन छाती दगडासारखी होते. बाळ व्यवस्थित प्यायला लागलं, वजन धरायला लागलं की दिवसातनं एकदा काढलेलं पुरतं.

आता ते 'फॅड'. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे ज्यांनी तसं घेतलं त्या परत रुजू होतात तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीपण नको. मधले दीड-दोन महिने बाळाने काय प्यायचं? आणि ही झाली कागदावर रजा असणाऱ्यांची गोष्ट. तासगावकडे द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या बायका, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या, त्यांना कुठली रजा, दोन-तीन महिन्यांत बाळ आजीकडे ठेवून निघतात, आणि टाकीभर औषधं मारलेल्या बागेत तान्हं बाळ नेऊही नये. त्यांनाच याची सगळ्यात जास्त गरज आहे आणि खर्च काहीच नाही, पंप नसला तरी हाताने काढता येतं, उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवता येतं. शिवाय नोकरीच कशाला पाहिजे, माझ्या जाऊबाई अपेंडिक्सच्या ऑपरेशनला अचानक मिरजेला ऍडमिट झाल्या तेव्हा पोरगं चार महिन्यांचं होतं, फ्रीजरमधल्या पाकिटांवर निघालं ते, आजीने वाटी-चमच्याने पाजलं.

किती साठवायचं? पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसाला साधारण ७५० मिली पितं, म्हणजे आई आठ तास बाहेर असेल तर २५० ते ३५० मिली धरा. दोन-तीन दिवसांचं शिलकीत असलं की बास. ६०-६० मिलीची पाकिटं, वर तारीख, आडवी ठेवून गोठवायची म्हणजे पातळ होतात आणि लवकर वितळतात, काठोकाठ भरायची नाहीत, गोठल्यावर दूध फुगतं.

लाईट गेली तर काय, हे मेसेजमध्ये नाही पण मला दोघी-तिघींनी विचारलं. फ्रीजर उघडायचाच नाही, भरलेला असेल तर बराच वेळ धरतो. पाकिटात बर्फाचे खडे शिल्लक असले तर परत गोठवलं तरी चालतं. पण २०१९ च्या ऑगस्टसारखं कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि दिवसेंदिवस लाईट नाही, अशा वेळी साठा विसरा, बाळाला छातीलाच लावा, कारण पुरात पावडर कालवायला स्वच्छ पाणीच नसतं. आणि म्हणूनच साठा असला तरी अंगावर पाजणं सोडायचं नाही.

राहिलं गाईचं दूध पाणी घालून. वर्षाच्या आतल्या बाळाला हे देऊ नये. त्यात लोह फार कमी, प्रोटीन आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके जास्त, काही बाळांच्या आतड्यातून बारीक रक्त जातं आणि अंगातलं रक्त कमी होतं. पाणी घातलं की पोट भरल्यासारखं वाटतं पण वजन वाढत नाही. आई घरी नाही आणि फ्रीजरपण रिकामा असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून पावडरचं दूध, उकळून घेतलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने, पातळ न करता.