‘पोराचे दात तपकिरी केले’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला मेडिकलच्या मालकिणीचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद केल्यावर मुलीनं वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली: “मुलांचा माउथवॉश मागितला तर मोठ्यांचं फ्लोराइडवालं जालीम औषध गळ्यात मारलं. दीड महिन्यात पोराचे दात तपकिरी, आयुष्याचं नुकसान. कुणी काही सांगितलं नाही. वर ऑनलाइनपेक्षा महाग. काउंटरवरच्या बाईचेच दात पिवळे, ती काय सल्ला देणार.”

काउंटरवरची बाई म्हणजे मीच.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पोराच्या दातांवर डाग दिसले, तुम्हाला काळजी वाटली, त्याबद्दल माफी मागते. आमच्याकडूनही एक चूक झालीय, ती खाली लिहिलीच आहे. पण आधी पोराचं बोलते, कारण ‘आयुष्याचं नुकसान’ हे वाचून तो स्वतः घाबरला असेल. अकरा वर्षांची मुलं सगळं वाचतात.

हे डाग दाताच्या वर बसलेले असतात, आत गेलेले नसतात. ब्रशनं घासून फारसे जात नाहीत म्हणून माणूस घाबरतो. दातांच्या डॉक्टरांकडे जा, त्या साफ करून पॉलिश करतील आणि बहुतेक डाग त्याच दिवशी निघतील. पोराच्या पुढच्या दातात दाताच्या रंगाचं सिमेंट भरलेलं असेल तर तेवढं आधी सांगा, त्याच्या कडेला बसलेला डाग कधी कधी चिवट असतो. घरी लिंबू, मीठ, खायचा सोडा घासू नका. आमच्याकडे लोक ते सगळं करून मग येतात. आणि औषध अजून चालू असेल तर आजच थांबवा.

आता औषधाचं. त्या बाटलीत फ्लोराइड नव्हतं. त्यात ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन होतं, बाटलीवर लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक ‘माउथवॉश’ म्हणतं तेव्हा आमच्या फळीवर तीन वेगळ्या वस्तू असतात. एक नुसता तोंडाचा वास घालवणारा. एक फ्लोराइडचा, कीड लागू नये म्हणून रोज वापरायचा. त्यात सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के असतं आणि सहा वर्षांखालच्या मुलाला तो आम्ही देत नाही, कारण ती थुंकत नाहीत, गिळतात. आणि तिसरा हा, जंतू मारणारा, डॉक्टरांनी लिहून दिला तर ठरलेले दिवसच वापरायचा. तुम्ही तोंडी ‘मुलांचा माउथवॉश’ म्हणालात हे खरं, पण हातात डॉक्टर मॅडमची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीत हाच होता. मी चिठ्ठीप्रमाणे दिला. तोंडी मागितलं म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवून फळीवरची रंगीत कार्टूनवाली बाटली दिली असती, तर खरंच मला एक स्टार द्यायला हवा होता. औषध कशासाठी होतं ते इथं लिहीत नाही, ती तुमच्या घरची गोष्ट आहे.

हे औषध दाताला आणि तोंडातल्या कातडीला धरून बसतं, चूळ थुंकल्यावरही कित्येक तास काम करत राहतं. डॉक्टर ते म्हणूनच देतात. पण ते असं धरून बसलं की चहा-कॉफीतला रंगही त्याला येऊन चिकटतो आणि मग दाताच्या कडेनं, हिरडीजवळ, तपकिरी रेघ धरते. आठवड्याभरात बहुतेकांना काही दिसत नाही. दीड महिन्यात न दिसलं तर नवल. जिभेची चवही काही दिवस बदलते, तेही मी सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, भाजीत मीठच नाही.

‘कुणी काही सांगितलं नाही.’ दादा, महाग म्हणालात ते सोसलं असतं. हे नाही सोसत.

४ एप्रिल, रात्री ९ वाजून ४७ मिनिटं. बिलावर वेळ छापलेली असते, म्हणून सांगतेय. शटर अर्धं खाली आलं होतं. तुम्ही वाकून आत आलात, मी शटर परत वर केलं. गाडी रस्त्यातच लावलेली, मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि फोन तुमच्या खांद्याला आणि कानाला धरलेला. मी म्हणाले, “दहा मिली, सकाळ-संध्याकाळ, अर्धा मिनिट खुळखुळवून थुंकायचं. ब्रश केल्यावर अर्धा तास थांबायचं, कारण पेस्टनं हे औषध मरतं. नंतर लगेच पाण्यानं चूळ भरायची नाही. चहा द्यायचा नाही. आणि सातच दिवस.” तुम्ही मान हलवलीत. ती माझ्याकडे बघून हलवलीत की फोनवरच्या माणसाला, हे त्या वेळी मलाही कळलं नाही. म्हणून मी खोक्यावर काळ्या मार्करनं ‘७ दिवस’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी नेहमी दोन रेघा ओढते. खोकं घरी असेल तर बघा. फेकलं असेल तर माझ्याकडे काही पुरावा नाही, शब्दच आहे.

रात्री झोप लागली नाही म्हणून हिशोबही करून बघितला. बाटली १५० मिलीची. दिवसाला वीस मिली. म्हणजे बाटली साडेसात दिवसांत संपते. डॉक्टरांनी सात दिवस लिहिले, आम्ही एक बाटली दिली, तिथं विषय संपायला हवा होता. दीड महिना म्हणजे बेचाळीस दिवस धरा, आठशेचाळीस मिली, साडेपाचाच्या वर बाटल्या. कॉम्प्युटरमध्ये तुमच्या नंबरावर दोन दिसतात. बाकीच्या कुठून आल्या ते मी विचारत नाही. तुम्हीच लिहिलंय ऑनलाइन स्वस्त मिळतं. तिथं बाटली दारात ठेवून जाणारा पोरगा ‘किती दिवस झाले’ म्हणून विचारत नाही, त्याला तुम्ही किती स्टार दिले ठाऊक नाही.

हे जरा जास्त झालं. पण राहू दे.

आता आमची चूक. दुसरी बाटली १६ एप्रिलला दुपारी गेली, तेव्हा मी जेवायला घरी होते. दुकानातल्या पोरानं नवी चिठ्ठी न बघता, न विचारता ती दिली. त्याला वाटलं, जुनं गिऱ्हाईक आहे, मागचंच औषध आहे, परत कशाला पाठवायचं. ते द्यायला नको होतं. त्याला मी बोलले आहे. तो ऐकून घेतो आणि गप्प बसतो, त्यामुळे कितपत उतरलं ते सांगता येत नाही, पण बोलले आहे. यापुढे ही बाटली दुसऱ्यांदा मागितली तर मला फोन करून विचारल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलंय. मराठीत ‘फक्त ठरलेले दिवस, चहा नको’ असा रबरी शिक्का करायलाही टाकणार आहे. शिक्केवाला पुढच्या आठवड्यात म्हणालाय.

चहाचंही लिहितेच. मे महिन्यात शेजारच्या टपरीवर तुम्ही आणि तुमचा लेक उभे होता. तुमच्या हातात अर्धा कप, त्याच्या हातात अर्धा, आणि तो त्यात खारी बुडवत होता. मी काउंटरवरून बघितलं. मला वाटलं, औषध कधीच संपलं असेल, आता काय बोलायचं. सुट्टीतलं पोर, बापाबरोबर चहा पितंय, छान दिसत होतं. तेव्हा उठून दोन पावलं चालले असते तर बरं झालं असतं. ती चूक आमच्या पोराच्या चुकीत मिळवा.

किमतीचं एका ओळीत: एमआरपीच्या वर एक रुपया घेतला नाही, उलट दहा टक्के सोडले, बिलावर आहे.

राहिले माझे दात.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. आमच्या वस्तीला हातपंप होता. आई म्हणायची, नशीब, विहिरीत वाकायला लागत नाही. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत, असं पुस्तकात असतं. आमच्या पंपाचं पाणी तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. दुधाचे दात पडायच्या आधी पक्के दात जबड्याच्या आत तयार होत असतात, तेव्हा असं पाणी रोज पोटात गेलं की दाताचं वरचं कवचच बिघडून येतं. आधी पांढुरके ठिपके, मग त्यावर पिवळा-तपकिरी रंग. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचे दात तसेच होते, त्यामुळे ते वेगळे आहेत हे मला डी.फार्म.ला गेल्यावर कळलं. पुढे त्या पंपाला लाल रंग दिला, पाणी पिऊ नये म्हणून. तोवर माझे दात येऊन गेले होते.

पॉलिश मी दोनदा करून घेतलंय, दुसऱ्यांदा लग्नाच्या आधी. गेलं नाही. तुमच्या मुलाचे डाग अर्ध्या तासाच्या कामात निघतील हे मी दुकान वाचवायला सांगत नाही. न निघणारे कसे असतात ते मला रोज आरशात दिसतं. आणि फ्लोराइडला नावं ठेवायला माझ्याइतका हक्क कुणालाच नाही, पण तुमच्या पोराच्या दाताशी त्याचा या वेळी संबंध नाही, एवढं मी नक्की सांगते.

एकवीस वर्षं झाली या काउंटरला. आधी सासरे बसायचे, मग मी. माझं रजिस्ट्रेशन भिंतीवर फ्रेम करून लावलंय, गिऱ्हाइकाला दिसेल असं. त्या काळात तोंडावर हात न ठेवता बोलायला मला पाच-सहा वर्षं लागली. फार्मासिस्टला बोलावंच लागतं. गोळी जेवणाआधी की नंतर, हे हात ठेवून सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला औषध सांगताना माझा हात आपोआप वर गेला. मुलीनं बघितलं.

मिरजेत दवाखाने पुष्कळ, तशी मेडिकलंही पुष्कळ. कागवाड, अथणीकडून पेशंट येतात, नातेवाईक इथलं काही ओळखत नाहीत, फोनवर स्टार बघतात आणि त्या दुकानाकडे वळतात. आमचे आधी सव्वीस रिव्ह्यू होते, त्यामुळे एका स्टारनं किती खाली येतं ते तुम्हाला दिसलंच असेल. तुम्ही स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. दुसरी बाटली आमच्याकडून गेली, तेवढ्याचा एक कापला तर मला मान्य आहे, चार कापले त्याचं काय ते तुम्ही ठरवा. दातांची ओळ मात्र काढता आली तर बघा.

पॉलिशिंगच्या खर्चाबद्दल दुकानात या, बोलू. काहीतरी करू. दुपारी दोन ते चार मी नसते.

आणि घरी त्यातली एखादी बाटली उरली असेल तर ओतून टाका. तुमच्या गाडीवर पुढं बसलेली धाकटी मी बघितलीय, ती पाच वर्षांचीही नसेल. तिचा दादा करतो म्हणून तीही मागेल. तिला साधं पाणी द्या खुळखुळायला, आणि थुंकते की गिळते ते बघा.