'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इटालियन संगीतकार चिमारोझाच्या या ऑपेरावरचा ('गुपचूप लग्न' असा नावाचा अर्थ) माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की चाली गोड असल्या तरी काम उथळ आहे, नायिका कॅरोलिनाचं दुःख हसण्यावारी नेलंय, आणि सम्राटाने एका रात्रीत दोनदा ऐकला म्हणून ऑपेरा मोठा ठरत नाही. शेवटचं म्हणणं मान्य. ७ फेब्रुवारी १७९२ला व्हिएन्नात सम्राट लिओपोल्ड दुसऱ्याने कलाकारांना जेवू घालून सगळा खेळ पुन्हा करायला लावला असं सांगतात. माझा मुद्दा त्या कथेवर उभा नाही.

पण उथळ? मुळीच नाही. बोलोन्याच्या जेरोनिमो या व्यापाऱ्याला सरदार जावई हवाय. धाकट्या कॅरोलिनाने त्याच्याच कारकुनाशी, पाओलिनोशी, गुपचूप लग्न केलंय. बाप खूश झाला की कबुली देता येईल, या आशेने पाओलिनोच थोरल्या एलिसेत्तासाठी काउंट रॉबिन्सनचं स्थळ आणतो आणि काउंटला पसंत पडते धाकटी. पाओलिनो त्याच्याकडे मदत मागायला जातो, तर काउंटच त्याला कॅरोलिनासाठी शब्द टाकायला सांगतो. मालकाच्या विधवा बहिणीला, फिदाल्माला, विश्वासात घ्यावं, तर तिला पाओलिनोशीच लग्न करायचंय! वर बापाला ऐकू कमी येतं. खरं सांगायला तोंड उघडावं आणि कुणी ऐकूच नये, हीच या घराची रीत आहे.

दुसऱ्या अंकातलं जेरोनिमो आणि काउंटचं द्वंद्वगीत पुन्हा ऐका. आधी कडाक्याचं भांडण. मग काउंट म्हणतो, धाकटी द्या, निम्मा हुंडा सोडतो. बाप लगेच विरघळतो. एलिसेत्ता तयार असावी, एवढीच त्याची अट. कॅरोलिनाला विचारावं हे दोघांच्याही मनात येत नाही. दोन खर्जातले आवाज खुशीत एकत्र येतात, आणि मला तिथेच त्या मुलीची सर्वांत जास्त काळजी वाटते. संगीताने इथे उसासे टाकले असते तर हा व्यवहार इतका बोचला नसता.

पुढे तिला मठात धाडायचं ठरतं. 'मला श्वास तरी घेऊ द्या' असं ती ज्या पंचकात, म्हणजे पाच जणांच्या गाण्यात, म्हणते, त्यात बाप, बहीण, आत्या आणि काउंट तिला घेरून आहेत. नवरा तिथे नाहीच. याला दुःख हसण्यावारी नेणं कसं म्हणायचं?

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती तुम्ही केलीत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. गुपित फुटल्यावर काउंट एलिसेत्ताशी लग्नाला तयार होतो. त्याआधी तिने आपल्याला नाकारावं म्हणून त्याने स्वतःचे नाही नाही ते दुर्गुण तिला ऐकवलेले असतात. ती त्याच्याशी संसार कसा करणार, यासाठी चिमारोझाकडे वेळच नाही.