मालकांचे उत्तर : रिंग न तुटता झाकण निघालं, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू आणि तिन्ही फोटो पाहिले. तुम्ही लिहिलंय की कोकम सिरपच्या बाटल्यांना आमच्या सील कॅप (उघडताना खालची रिंग तुटून बाटलीवर राहते अशी झाकणं) लावल्या, प्रदर्शनात गिऱ्हाइकाने झाकण फिरवलं तर रिंग न तुटता अख्खी झाकणाबरोबर वर आली, आणि लोक म्हणाले की बाटली आधीच कोणीतरी उघडलेली आहे. पुढे ‘भंगारच्या दाण्याचा डुप्लिकेट माल, वर रेट जास्त, आणि मालक फोनवर शिकवत बसतात’ असंही आहे. चारचौघांत तुमच्या मालावर शंका घेतली गेली, ते वाचून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

एवढ्यावर थांबलो असतो, पण आता नवीन गिऱ्हाईक फोन करायच्या आधी हे पान उघडून बघतं. शिरोली एमआयडीसीत आमच्यासारखे छोटे मोल्डिंगवाले गल्लोगल्ली आहेत. ‘भंगारचा दाणा’, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला कच्चा माल, एवढं वाचलं की माणूस पुढच्या शेडमध्ये जातो. म्हणून सविस्तर लिहितो. शिकवतोय असं वाटलं तर वाटू दे.

सील कॅपची रिंग एकटी काही करत नाही. बाटलीच्या गळ्यावर आट्यांच्या खाली एक गोल कंगोरा असतो. रिंगच्या आत दुमडलेली पाती असतात, ती या कंगोऱ्याच्या खाली जाऊन अडकतात. झाकण फिरवलं की झाकण वर चढतं, रिंग खाली धरून राहते, आणि दोघांना जोडणारे बारीक ब्रिज ताण येऊन तुटतात. या कामात खरी मेख अशी की तेच ब्रिज बाटली बंद करताना तुटता कामा नयेत. त्या वेळी रिंगला कंगोऱ्यावरून दाबून खाली न्यायचं असतं, म्हणून झाकण आणि रिंग यांच्यामध्ये छोटे ठोकळे ठेवलेले असतात. दाब ठोकळ्यांवर जातो, ब्रिज वाचतात. उघडताना ठोकळ्यांचा काही संबंध उरत नाही, सगळा ताण ब्रिजवर येतो. आणखी एक अट असते. आधी ब्रिज तुटले पाहिजेत, मगच आतलं सील सुटलं पाहिजे. उलटं झालं तर कोणीही झाकण थोडं सैल करून आतला माल काढेल आणि रिंग शाबूत दिसेल. साचा बनवताना आमचं सगळ्यात जास्त डोकं याच क्रमावर खर्च झालं आहे.

आता तुमचा दुसरा फोटो. रिंग अख्खी आहे, एकही ब्रिज तुटलेला नाही. म्हणजे पात्यांना खाली धरायला कंगोराच मिळाला नाही, रिंग त्याच्यावरून घसरून वर आली. का मिळाला नाही, ते तुमच्याच तिसऱ्या फोटोत आहे. बाटलीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या आहेत. थंड माल भरलेल्या बाटलीचं असं होत नाही. गरम माल भरून लगेच झाकण लावलं आणि मग बाटली थंड झाली, की आत पोकळी तयार होते आणि बाजू आत जातात. ताई, सिरप गरम भरलं गेलंय.

साध्या पेटचा, म्हणजे तुमच्या बाटलीच्या पारदर्शक प्लास्टिकचा, गळा साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. त्यात झाकण दाबून आवळलं तर गळा किंचित आक्रसतो, कधी अंडाकृती होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण कंगोऱ्याचा व्यास थोडा जरी कमी झाला तरी रिंगची पकड जाते. शिवाय आमची कॅप एचडीपीई या प्लास्टिकची आहे. गरम असताना तीही नरम असते, रिंग ताणली जाते आणि ब्रिज तुटायच्या ऐवजी लांबतात. गरम भरायच्या पेट बाटल्या वेगळ्या असतात. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांचा गळा मुद्दाम तापवून पांढरा, अपारदर्शक केलेला असतो, म्हणजे तो उष्णता झेलतो. तुमच्या फोटोतला गळा स्वच्छ पारदर्शक आहे, ती थंड भरायची बाटली.

मला लागलं ते यापुढचं आहे. ऑर्डर घेताना मी व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी विचारल्या होत्या : बाटलीचा नमुना पाठवा, आणि माल थंड भरता की गरम. नमुना आला, तो रिकामा. दुसऱ्या प्रश्नाला ‘नेहमीसारखंच भरतो’ असं उत्तर आलं. ते नेहमीचं म्हणजे काय, ते मी कोल्हापुरात बसून कसं ओळखणार? माल न्यायला तुमचे दीर आले होते. त्यांच्यासमोर त्याच रिकाम्या बाटल्यांवर कॅप लावून उघडून दाखवल्या. प्रत्येक रिंग तुटून गळ्यावर राहिली, झाकण वेगळं निघालं. दीर स्वतः म्हणाले, ‘झकास.’ रिव्ह्यूत त्यांचा उल्लेख नाही.

कोणी म्हणेल की गळ्याचा आणि कॅपचा नंबरच चुकला असेल. २८ मिलिमीटरमध्ये १८१० आणि १८८१ असे दोन गळे चालतात. वरून सारखे दिसतात, पण १८८१ चा गळा आखूड, प्लास्टिक कमी लागावं म्हणून आलेला. एकाची कॅप दुसऱ्यावर चालत नाही. एका पाणीवाल्याने दोन्ही मिसळून भरल्या होत्या आणि निम्मी गाडी गळत परत आली, तेव्हापासून मी गळा गेजने मोजल्याशिवाय कॅप देत नाही. तुमचा गळा १८८१, कॅपही १८८१. तिथे गडबड नाही.

भंगारच्या दाण्याबद्दल. खाण्यापिण्याच्या मालाला लागणारी कॅप आम्ही नव्या फूड ग्रेड एचडीपीईचीच करतो. दाण्याला आयएस १०१४६ हे भारतीय मानक लागू होतं, त्याचं सर्टिफिकेट पोत्यांच्या बिलाबरोबर फाइलला आहे, येऊन बघा. शिवाय भंगारचा दाणा वापरून मला फायदाही नाही. त्यात कचरा आणि वेगवेगळा माल मिसळलेला असतो, मग एक ब्रिज हात लावताच तुटतो आणि शेजारचा ओढूनही तुटत नाही. अशी कॅप बाटली बंद करतानाच उघडी पडते. भंगारवाल्याचं कपाट एकदा उघडलं की त्यातून काय बाहेर पडेल सांगता येत नाही, तसा प्रकार.

रेटचं म्हणाल तर बाजारात चाळीस पैशांनी स्वस्त कॅप मिळते, मान्य. आमच्याकडे झाकण साच्यातून निघाल्यावर लगेच पुढे जात नाही. एचडीपीई निघाल्यानंतरही काही तास आक्रसत राहतं, तोवर ते पडून राहू द्यावं लागतं. मग स्लिटिंग मशीनवर ब्लेडने रिंग कापली जाते आणि ब्रिज सोडले जातात. ब्लेडची धार गेली की ब्रिज जाड राहतात, म्हणून धार जायच्या आधीच ब्लेड बदलतो. ब्लेडही फुकट येत नाही. डिलिव्हरीला उशीर झाला तोही यामुळेच. घाई करून गरम झाकणं कापली असती तर तुम्हाला वेळेवर मिळाली असती, आणि तेव्हा मात्र तुमची तक्रार शंभर टक्के खरी ठरली असती.

काही लोकांना हे सगळं एका फुटकळ झाकणासाठी जास्त वाटेल. पण बाटलीबंद पाण्याला टॅम्परप्रूफ बाटली नियमानेच लागते, ते काही हौस म्हणून नाही. स्टेशनवर फेकलेल्या बाटल्या उचलून नळाचं पाणी भरून विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या भागात कोणीतरी दुकानातल्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, सात माणसं गेली, आणि त्याच वर्षी तिथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांना उघडल्याचं कळेल असं पॅकिंग सक्तीचं करणारा नियम आला. मी रिंगकडे त्या नजरेने बघतो, म्हणून फोनवर जरा जास्त बोललो असेन. आवाज मात्र पहिल्यांदा तिकडून चढला होता. असो.

तोडग्याचं बोलू. सिरप थंड करून भरा, असं मी सांगणार नाही, कारण गरम भरल्याने त्यातले जंतू मरतात. तुमच्या सिरपला काय चालेल ते एखाद्या फूड टेक्नॉलॉजीवाल्याला विचारा. गरमच भरायचं असेल तर गरम भरायची पेट बाटली आणि तिला साजेशी कॅप घ्या, नाहीतर काचेची बाटली आणि ॲल्युमिनियमची पिलफर प्रूफ कॅप. त्या कॅपच्या आट्या बाटलीवर बसवतानाच दाबून पाडतात, त्यामुळे गळ्याचं माप थोडं इकडेतिकडे असलं तरी फार बिघडत नाही. यातलं काहीही आम्ही बनवत नाही. तरी कोण बनवतं ते सांगेन, त्यात माझा एक पैसाही नाही.

आमच्याकडूनही सुधारणा करतोय. ऑर्डर फॉर्मवर थंड की गरम ही ओळ ठळक करायचं चाललं आहे, बॉक्सवरही तसं काहीतरी छापून घेऊ. फोन उचलायला माणूस ठेवायचा विचार आहे.

स्टार बदला असं म्हणत नाही. ‘भंगारच्या दाण्याचा’ एवढं काढलंत तर उपकार होतील, कारण इथे काम करणाऱ्या बायकाही हे वाचतात आणि त्या दिवसभर एकेक कॅप बघून बॉक्समध्ये टाकतात.

तुमचे न उघडलेले बॉक्स परत घेईन, पूर्ण पैसे देईन. उघडलेल्या बॉक्समधल्या सुट्या कॅप घेता येणार नाहीत, त्या पुन्हा कोणाच्या खाण्याच्या मालाला देता येत नाहीत. पाठवताना बॉक्सवरचं बॅच नंबरचं लेबल फाडू नका, आणि सोबत भरलेल्या दोन बाटल्या, झाकण न उघडलेल्या, नक्की द्या. गळा मोजून आकडा तुम्हाला फोटोसकट पाठवतो.

आपला,
मालक